शाळेच्या बक्षिसाची जुनी चामडी पुस्तकं: घेताना काय बघायचं?

पिंपळपान
मंडळी, व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमधल्या शाळा बक्षीस म्हणून द्यायच्या ना, ती चामडी बांधणीची सचित्र पुस्तकं जमवायची हौस लागली आहे. पुठ्ठ्यावर शाळेचं सोनेरी चिन्ह, आत मुलाच्या नावाची चिठ्ठी. पहिली आवृत्तीच शोधायची का? आणि एकाच्या कण्याला हात लावला की विटकरी भुकटी बोटाला लागते, त्याचं काय करू?

जुनाबाड
पहिल्या आवृत्तीचा नाद सोडा. ही बहुतेक पुनर्मुद्रणंच असतात. बिकर्स अँड सनसारखे लंडनचे बाइंडर ती शाळांसाठी चामड्यात बांधून द्यायचे. आवृत्तीच्या मागे लागणाऱ्यांना प्रकाशकाची मूळ कापडी बांधणी हवी असते, त्यामुळे ते इकडे फारसे फिरकत नाहीत. बरंच आहे!

आधी सांधा बघा, म्हणजे पुठ्ठा कण्याला जिथे मिळतो ती रेघ. पुठ्ठा हळूच, अर्धाच उघडा. चामडं तडकलं असेल तर बाहेरचं सोनं कितीही झळको, दुरुस्ती महागात जाते. मग सुरुवातीच्या यादीवरून एकेक चित्र मोजा. चौकटीत लावून विकायला चित्रं कापणारे महाभाग कमी नाहीत. बांधताना कडाही छाटायचे, म्हणून चित्राखालची ओळ शाबूत आहे ना तेही पाहा.

शाईचा डाग
भुकटी म्हणजे रेड रॉट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चामड्याला हा रोग फार. कमावण्याची पद्धत बदलली होती, त्यात गॅसच्या दिव्यांचा आणि कोळशाच्या धुराचा गंधक हवेत. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने यावर समिती नेमून 1901 मध्ये अहवालही काढला होता. तेल किंवा बुटाचं पॉलिश लावू नका, चामडं काळवंडतं आणि चिकट होतं. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं क्लूसेल जी (सेल्युलोजपासून केलेली, चामडं घट्ट धरणारी पूड) लावतात. भुकटी थांबते, पण गेलेलं चामडं परत येत नाही. रंग गडद होऊ शकतो, तेव्हा आधी कोपऱ्यात लावून बघा.

पिंपळपान
दोघांचेही आभार. अजून एक, नावाची चिठ्ठी अर्धी सुटली आहे. काढून टाकू?

जुनाबाड
अजिबात नको! शाळा, वर्ष, विषय, सगळं तिच्यावरच तर असतं. गव्हाच्या खळीचं एक बोट लावा आणि वर वजन ठेवा. सेलोटेप मात्र लावू नका.