दाणा इतक्यात नको!

एका पोस्टमध्ये वाचलं की उपासमारीतून सोडवलेलं, हाडं दिसणारं तट्टू घरी आणलं की लगेच भरपूर दाणा सुरू करा. अहो नका करू असं! बरेच दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम दाणा-गूळ दिला की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतं, याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात ४-५ दिवसांत जनावर दगावू शकतं, म्हणजे उपासमारीतून वाचलं आणि आपल्या मायेनं गेलं. पहिले १०-१५ दिवस वाळलेला लसूणघास थोडा थोडा, सुरुवातीला दर ४ तासांनी, रात्रीसुद्धा (हो, अलार्म लावूनच), किती ते व्हेट सांगतील.

खुर चपलेसारखे पुढे वाढले असतील तर नालबंदाला एकदम सगळे कापायला लावू नका, टप्प्याटप्प्याने घ्या. चावलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून पडत असतील तर दात बघायला हवेत. जंताचं औषध शेण तपासून.

अंग भरायला ३ ते ६ महिने सहज जातात, आणि मग उलटाच ताप, तट्टू हिरव्या कुरणावर भराभर जाड होतं आणि लॅमिनायटिस (खुरांच्या आतली सूज) होऊन पायावर उभं राहता येत नाही.

बरं झालेल्या तट्टूला नवीन घरी देण्याचं म्हणाल तर पोरांच्या हट्टापायी मागणाऱ्यांना मी तरी देणार नाही. सोबतीला दुसरं घोडं आहे का ते विचारा, आधी महिनाभर ट्रायलवर द्या आणि नाही जमलं तर आम्हालाच परत, हे लिहून घ्या.