झिप उघडल्यावर १६ अंकी नंबरचा शेवटचा आकडा शून्य झालाय, कॉम्प्रेशनमुळे झालं का?

सिरीयल_शोधतेय:
नमस्कार मंडळी, कालपासून एका गोष्टीवर अडकलेय. मशीनच्या सुट्या भागांची यादी आहे, जवळपास २०,००० ओळी, आणि प्रत्येक भागाला १६ अंकी सिरीयल नंबर. मूळ फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल), सहकाऱ्याने झिप करून मेलवर पाठवली. मी झिप उघडली, सीएसव्ही बाहेर काढली आणि डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. आधी सगळे नंबर ७.०१२०५ई+१५ असे दिसत होते म्हणून कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट नंबर केला, डेसिमल शून्य ठेवले, मग पूर्ण आकडे आले पण प्रत्येकाचा शेवटचा आकडा शून्य! ७०१२०४५५००३१८२६७ हवा तिथे ७०१२०४५५००३१८२६०. एखाददुसरा नाही, झाडून सगळे.

फोटो कॉम्प्रेस केला की क्वालिटी जाते तसं झिप करताना आकडे गेले असतील का? आणि गेलेले आकडे परत आणता येतात का? कारण याच नंबरांवरून डुप्लिकेट शोधायचेत, आणि आता कितीतरी वेगवेगळे भाग एकाच नंबरचे दिसतायत.

बिट_बाय_बिट:
आधी एक सांगा, ती सीएसव्ही एक्सेलमधून सेव्ह केलीत का? केली नसेल तर फाइल न सेव्ह करता बंद करा, आकडे शाबूत आहेत. सेव्ह केली असेल तर त्या फाइलमधून ते गेले, कुठल्याही फॉरमॅटने परत येणार नाहीत, पण मेलमधली झिप असेलच, तिच्यातून पुन्हा काढा.

झिपवर संशय घेऊ नका. कॉम्प्रेशन दोन जातीचं असतं. जेपेगवालं डोळ्याला फारसं न जाणवणारं तपशील कायमचं टाकून देतं, तुम्ही म्हणता ती क्वालिटी तिथे जाते. झिपवालं एकही बिट (म्हणजे एकही ० किंवा १) टाकत नाही, नुसती पुनरुक्ती आवळून लिहितं, आणि उघडताना सगळं जसंच्या तसं परत देतं. शिवाय झिपमध्ये प्रत्येक फाइलसोबत ३२ बिटांचा एक चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवलेला असतो, बाहेर काढलेली फाइल त्याच्याशी जुळली नाही तर झिप उघडणारं सॉफ्टवेअर तक्रार करतं. खात्री करायची तर सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडा, शेवटचा ७ तिथे दिसेल.

गडबड डबल क्लिकच्या क्षणी झाली. सीएसव्हीमध्ये सगळा नुसता मजकूर असतो, सात, शून्य, एक, दोन अशी चिन्हं एकापुढे एक. एक्सेल ती वाचताना अंदाज बांधतो की हे सगळे अंकच आहेत म्हणजे ही संख्या, आणि संख्या म्हटली की तो ६४ बिटांत बसवतो: १ बिट चिन्हाला, ११ बिट घातांकाला आणि ५२ बिट प्रत्यक्ष आकड्यांना. ही आयईईई ७५४ नावाची १९८५ सालची पद्धत, आजची बहुतेक सगळी कॉम्प्युटरं अपूर्णांक अशीच साठवतात. एवढ्या जागेत दशमान पद्धतीचे १५ अंक खात्रीने बसतात म्हणून एक्सेलने हद्दच १५ वर आखली आहे, सोळाव्या जागी काहीही लिहा, तो शून्य ठेवतो. तुम्ही नंतर फॉरमॅट बदललात तेव्हा फक्त दाखवायची पद्धत बदलली, आत साठवलेली संख्या तोपर्यंत कापली गेली होती.

उपाय: फाइल डबल क्लिकने उघडायची नाही. रिकामं शीट उघडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही इम्पोर्ट निवडा आणि सिरीयल नंबरच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा. हाताने एखादा नंबर टाकायचा असेल तर आधी एक सिंगल अवतरणचिन्ह टाइप करा, मग नंबर. नंबर शून्याने सुरू होत असेल तर ते शून्यही याच उपायाने टिकतं.

दोनाचा_घात:
वरचं उत्तर बरोबर आहे, फक्त एका ठिकाणी भर घालतो, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. सोळावा अंक बायनरीत, म्हणजे ०-१ च्या पद्धतीत, बसतच नाही असं नाही. ५२ बिट आणि वर एक गृहीत धरलेला १ धरून ५३ होतात, त्यामुळे २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या अगदी नेमकी साठवता येते. तुमचा ७०१२ ने सुरू होणारा नंबर त्याच्या आतला आहे, म्हणजे ६४ बिटांत तो खरं तर अचूक मावला असता. पण त्या हद्दीच्या पुढे एकाआड एक संख्या गळायला लागतात, ९००७१९९२५४७४०९९३ साठवताच येत नाही, त्याच्या शेजारची सम संख्याच साठवली जाते. काही १६ अंकी नंबर टिकणार आणि काही गुपचूप बदलणार, यापेक्षा सरसकट १५ चा नियम मला बरा वाटतो, निदान शेवटी ओळीने शून्यं दिसली की माणूस जागा होतो. तुम्ही झालातच की.

अपूर्णांकांत हे जास्त छुपं असतं. आपण १ ला ३ ने भागलं की ०.३३३ संपत नाही, तसंच बायनरीत ०.१ संपत नाही, ०.०००११००११००११ असं ००११ चालूच राहतं. कुठेतरी तोडावं लागतं, आणि तोडलं की कणभर चूक राहते. एका सेलमध्ये ०.५ वजा ०.४ वजा ०.१ असं कंसात लिहून त्याला १ ने गुणा. उत्तर शून्य यायला हवं, एक्सेल -२.७८ई-१७ देतो. म्हणून दोन अपूर्णांक सारखे आहेत का हे तपासताना आधी राउंड लावायची सवय ठेवा.

सिरीयल_शोधतेय:
सेव्ह केली होती 🙁 पण मेलमधली झिप आहे, आता त्यातून परत काढून इम्पोर्ट केली टेक्स्ट म्हणून, आणि शेवटचा ७ आला!! खूप खूप आभार. पण आता नवीनच गोष्ट, काउंटइफ (एखादा नंबर किती वेळा आलाय ते मोजणारा एक्सेलचा फॉर्म्युला) लावलं तर अजूनही शेकडो नंबर डुप्लिकेट दाखवतोय, आणि डोळ्यांनी बघतेय तर शेवटचा आकडा वेगळा आहे. नंबर डावीकडे चिकटलेत म्हणजे टेक्स्ट झालेत ना?

आणि एक जाता जाता, हीच यादी एक्सेल फाइल म्हणून सेव्ह केली तर सीएसव्हीपेक्षा बरीच लहान झाली, ती झिप केली तर जवळपास तेवढीच राहिली. हे का?

कॉलम_ए:
टेक्स्ट झालेत, तुमचं काही चुकलेलं नाही. काउंटइफची ही जुनी खोड आहे, टेक्स्ट संख्येसारखं दिसलं की तो तुलना करताना त्याची पुन्हा संख्या करतो, आणि पुन्हा तेच १५ अंक. पहिले १५ अंक सारखे असलेले दहा भाग त्याला एकच वाटतात. सुटका सोपी आहे, निकषाच्या जागी नुसता सेल देऊ नका, सेलपुढे अँपरसँड (&) आणि अवतरणात स्टार ("*") जोडा. स्टार आला की त्याला मजकूर म्हणूनच जुळवावं लागतं. तुमचे सगळे नंबर १६ अंकीच आहेत त्यामुळे स्टारने भलतं काही जुळायची भीती नाही. आणि हा घोळ निस्तरेपर्यंत रिमूव्ह डुप्लिकेट्सचं बटण दाबू नका, कापलेल्या नंबरांवर ते चाललं तर खऱ्या भागांच्या ओळी उडतील.

माझं ठाम मत आहे की ज्याची कधी बेरीज करणार नाही ती संख्या नाहीच, ती ओळख आहे, तिला टेक्स्टच ठेवायचं. जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना याचा किती त्रास झाला बघा, मार्च१, सेप्ट१ अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलायचा, शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांतही त्या चुका शिरल्या, शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्ट१ चं सेप्टिन१ केलं.

बिट_बाय_बिट:
साइजचं मी सांगतो. आजची एक्सेल फाइल ही मुळात झिपच असते. एखादी कॉपी करा, नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स काढून झिप लिहा आणि उघडा, आत एक्सएमएल (खुणा लावलेला मजकूर) फाइलींचे फोल्डर दिसतील. त्यात शेअर्डस्ट्रिंग्ज नावाची एक फाइल असते, शीटमधला प्रत्येक वेगळा मजकूर तिथे एकदाच लिहिलेला, आणि सेलमध्ये फक्त त्याचा क्रमांक. समजा तुमच्या यादीत स्थितीचा कॉलम आहे आणि २०,००० ओळींत 'चालू' लिहिलंय. युनिकोडात 'चालू' म्हणजे च, काना, ल, दीर्घ ऊकार अशी चार चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एका शब्दाला १२. सीएसव्हीमध्ये तो दर ओळीला पुन्हा लिहिला जातो, २,४०,००० बाइट एका शब्दापायी. एक्सेल फाइलमध्ये १२ बाइट एकदाच.

वर झिपचं आवळणं. ते वाचत वाचत पुढे जातं आणि आधी येऊन गेलेला तुकडा दिसला की तो पुन्हा लिहीत नाही, 'इतकं मागे जा, तिथून एवढी अक्षरं उचल' असं लिहितं. मागे ३२ केबीपर्यंत बघू शकतं आणि एका वेळी २५८ बाइटपर्यंत उचलू शकतं. ही कल्पना लेम्पेल आणि झिव्ह यांची, १९७७ ची. तुमच्या सिरीयल नंबरांचे पहिले अंक बऱ्याच ओळींत सारखे असणार, ते असे सहज आवळले जातात. त्यावर १९५२ चं हफमन कोडिंग, वारंवार येणाऱ्या चिन्हाला कमी बिट आणि क्वचित येणाऱ्याला जास्त. एवढं झाल्यावर पुनरुक्ती जवळपास उरतच नाही, म्हणून दुसऱ्यांदा झिप केलं तर आवळायला काही सापडत नाही. जेपेग फोटो झिप करून लहान होत नाहीत तेही यामुळेच.

सिरीयल_शोधतेय:
स्टार लावला, शेकडोचे दोन राहिले, आणि ते दोन मी नोटपॅडमध्ये मूळ सीएसव्हीत शोधले, खरोखरच दुबार आहेत, सोळाच्या सोळा अंक सारखे. सहकाऱ्याला कळवलेत. एक्सेल फाइल झिप म्हणून उघडूनही बघितली, शेअर्डस्ट्रिंग्जमध्ये माझे सगळे सिरीयल नंबर शेवटच्या अंकासकट दिसतायत, कारण आता ते टेक्स्ट आहेत.