तलमुद ‘गुप्त’ ग्रंथ आहे का? (सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड)

सहकारनगरवाला: ‘ज्यूंचा तलमुद गुप्त असतो, परक्याला दाखवत नाहीत’ असं काहीबाही आलंय. खाली हवाला ‘लिब्रे डेव्हिड, ३७’. खरं काय? आणि ‘डोळ्याला डोळा’ तर त्यांच्या धर्मग्रंथातच आहे ना?

रास्तापेठकर: मी बेने इस्रायल, म्हणजे मूळचा कोकणातला मराठी ज्यू, आपल्याच रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये जाणारा. तलमुद म्हणजे मिश्ना (जुन्या तोंडी कायद्याचा संग्रह) आणि त्यावरची पंडितांची चर्चा, म्हणजे गेमारा. मिश्नाचे भाग ६३, त्यातल्या ३७ भागांवर बॅबिलोनी गेमारा. या नावाचा भाग त्यात कुठेच नाही, निव्वळ थाप आहे.

गुप्त म्हणाल तर डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती छापखानेवाल्याने १५२०-२३ मध्ये व्हेनिसला अख्खा तलमुद छापला. आजही पानांचे क्रमांक त्याचेच चालतात. आता तर सेफारिया या वेबसाइटवर इंग्रजी भाषांतरासकट फुकट वाचता येतो.

‘डोळ्याला डोळा’ तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात आहे, बरोबर. पण तलमुदातला ‘बाबा कामा’ हा भाग, पान ८३ब आणि ८४अ उघडा (पानाची पुढची बाजू अ, मागची ब). निकाल पैशांचा: नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी, अपमान, या पाचांची भरपाई. तिथे शिमोन बार योखाई हे पंडित विचारतात, आंधळ्यानेच कुणाचा डोळा फोडला तर त्याचं काय फोडणार? पुढे एलियेझर हे दुसरे पंडित म्हणतात, ‘डोळा म्हणजे डोळाच’. त्यावर गेमारा लगेच हुज्जत घालते. आता फॉरवर्डवाल्याने एलियेझरचं तेवढंच उचललं तर? आपल्याकडे शास्त्रचर्चेतला पूर्वपक्षच सिद्धांत म्हणून खपवावा, तसलाच प्रकार.

कसबेकर: घरी रोज वाचता का हो हे?

रास्तापेठकर: छे! आमची आजी शनिवारी चूल पेटवायची नाही, पण तलमुदाचं पान तिने जन्मात पाहिलं नसेल. कोकणातल्या आमच्या जुन्या पिढ्यांकडे हे ग्रंथ नव्हतेच. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सुंता, शेमा ही प्रार्थना, एवढं धरून राहिले. आमच्या घरात हाताशी असायची ती हग्गादा, म्हणजे पेसाख (वल्हांडण) सणाला वाचायची पोथी. १८७४ मध्ये पुण्यातच हिब्रू-मराठी हग्गादा छापलेली आहे, चित्रांतल्या बायका लुगडं नेसलेल्या.

सहकारनगरवाला: मग ग्रुपवर काय लिहू?

रास्तापेठकर: भांडू नका. भागाचं नाव, पानाचा आकडा आणि बाजू अ की ब, एवढंच विचारा. दिलंच कुणी, तर इथे टाका, मागचं-पुढचं पान मी काढून देतो.