माजी राजदूत म्हणतात, परराष्ट्र खात्याला दुप्पट पैसे द्या. द्यावेत का?

पेठकरी

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त राजदूतांना ऐकलं. नाव लिहीत नाही. लिहिलं की मुद्दा राहतो बाजूला आणि आडनाव चघळलं जातं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. 2025-26 मध्ये परराष्ट्र खात्याला 20,517 कोटी मिळाले. 50 लाख 65 हजार कोटींच्या अर्थसंकल्पात हे जेमतेम 0.4 टक्के. संसदेच्या स्थायी समितीनं 1 टक्का सुचवला होता, निदान दुप्पट तरी द्या. शिखर परिषदांचा थाट कमी करा. आणि शेजारी देशांवर प्रचारसभांतून तोंडसुख घेऊ नका, ते निस्तरत बसावं लागतं तिथल्या दूतावासाला.

शेवटच्या दोन्ही गोष्टी मान्य. जानेवारी 2023 मध्ये जी-20 ची बैठक पुण्यात झाली तेव्हा भिंती रंगल्या, कुंड्या आल्या. आमच्या गल्लीतला खड्डा पाहुण्यांच्या वाटेवर नव्हता, तो अजून आहे.

पैशांचं मात्र पटत नाही. अफगाणिस्तानात आपण सुमारे 3 अब्ज डॉलर ओतले. सलमा धरण, काबूलची संसद, झरंज-देलाराम रस्ता. 2021 मध्ये तालिबान आले आणि आपण दूतावास रिकामा करून परतलो. 'सदिच्छा' हिशेबाच्या कुठल्या रकान्यात मांडायची?

आकडेमोड

पेठकरी, 20,517 कोटी ऐकून छाती दडपते खरी. पण पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचाच मंजूर खर्च 11,420 कोटी होता. तसल्या दोन मेट्रोंपेक्षा कमी पैशांत जगभरचे दूतावास, पासपोर्टची यंत्रणा आणि शेजाऱ्यांची मदत, सगळं उरकायचं आहे. परराष्ट्र सेवेत अधिकारी किती? हजाराच्या आसपास. एवढ्या मोठ्या देशाला!

त्यातले 2,150 कोटी भूतानला जातात म्हणून लोक बोंब मारतात. तिथल्या जलविद्युत प्रकल्पांना आपण पैसा दिला, तिथली वीज आपणच घेतो. मालदीवला 600 कोटी. 2023 मध्ये 'इंडिया आउट'च्या लाटेवर मुइझ्झू निवडून आले, 2024 मध्ये आपले सैनिक परत पाठवले. जुलै 2025 मध्ये त्यांनीच स्वातंत्र्यदिनाला आपल्या पंतप्रधानांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मधल्या काळात रुसून मदत बंद केली असती तर? श्रीलंकेनं 2017 मध्ये हंबनटोटा बंदर 99 वर्षांसाठी चिनी कंपनीच्या हवाली केलं. तसं आणखी एक बंदर हवंय का?

आणि काबूल. जून 2022 मध्ये आपलं पथक तिथे पुन्हा गेलं, ऑक्टोबर 2025 मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत येऊन गेले. जुन्या ओळखीशिवाय हे होत नाही.

पेठकरी

मेट्रोत मी बसतो हो, मालदीवला जात नाही. मुइझ्झू प्रेमापोटी वळलेले नाहीत. तिजोरीत खडखडाट होता. ऑक्टोबर 2024 मध्ये आपण 40 कोटी डॉलरची चलन अदलाबदल (त्यांचं चलन ठेवून घेऊन डॉलर द्यायचे) देऊ केली, मग भाषा मऊ झाली. ज्याला पैशानं वळवलं त्याला उद्या कोणी जास्त पैसे देईल.

मुक्काम मस्कत

तुम्ही दोघंही देशादेशांतलं बोलताय. मी अठरा वर्षं आखातात आहे. आमच्याकडचा एक गवंडी साइटवर काम करताना दगावला. मृतदेह गावी पोचवायला लागणारे कागद काढण्यात बारा दिवस गेले. खिडकीपलीकडचा कारकून वाईट नव्हता, एकटा होता. त्याच्यामागे तसल्याच फायलींचा गठ्ठा.

अडल्यानडल्या भारतीयांसाठी 2009 पासून जो कल्याण निधी आहे, तोही मुख्यतः दूतावासात आम्हीच भरतो त्या शुल्कातून उभा राहतो. त्यामुळे राजदूतसाहेब पैसे मागतायत ते योग्यच. फक्त आधी त्या खिडकीवर आणखी चार माणसं बसवा.

लासलगावचा

धागा वाचून हसू आलं. परराष्ट्र धोरणाचा खर्च 20 हजार कोटी म्हणताय, त्यात आमचा कांदा धरला का?

डिसेंबर 2023 ला निर्यात बंद केली. शहरात कांदा महागायला नको, म्हणून. भाव पडला तो आमच्या ट्रॅक्टरवर. मग मार्च 2024 मध्ये खास परवानगी निघाली : बांगलादेशाला 50 हजार टन, अमिरातीला 14,400 टन. तेही सरकारनं नेमलेल्या एकाच संस्थेमार्फत. म्हणजे मैत्री दिल्लीनं करायची अन् माल आमच्या कांदाचाळीतून पडत्या भावात उचलायचा. 2019 च्या बंदीनंतर शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या, स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. सगळे खळखळून हसले. आम्ही तेव्हाही बाजार समितीच्या रांगेतच होतो.

आकडेमोड

लासलगावकर, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते परराष्ट्र खात्याच्या माथी मारू नका. निर्यातबंदी वाणिज्य खातं काढतं, तीही ग्राहक खात्याच्या दबावाखाली. उलट दर वेळी बंदी आली की ढाक्याला उत्तरं देताना आपल्याच अधिकाऱ्यांची तारांबळ उडते. राजदूतांना विचाराल तर ते तुमच्याच बाजूनं बोलतील.

लासलगावचा

खातं कोणतं ते तुम्ही बघा. बंदी उठली 4 मे 2024 ला, तेव्हाही 40 टक्के निर्यात शुल्क होतंच. ते पुरतं गेलं एप्रिल 2025 मध्ये. तोवर कोलंबो, दुबईचे व्यापारी पाकिस्तानचा कांदा घ्यायला लागले. भूतानला दोन हजार कोटी जातात ते निदान कागदावर दिसतं. आमच्या खिशातून गेलं ते कुठल्या खात्याच्या पानावर?

पेठकरी

हे त्या व्याख्यानात विचारायला हवं होतं. हात वर केला होता मी. पण पुढच्या रांगेतल्या एका काकांनी 'प्रश्न असा नाही, पण' म्हणत स्वतःच्या जिनिव्हा सहलीचं वर्णन सुरू केलं, आणि मग आभारप्रदर्शनच झालं.