४५ हजारांचा गेमिंग पीसी आणि फुकटचा एसएमपीएस

सोल्डरगन

काल या फोरमवर एकाने ४५ हजारांच्या गेमिंग पीसीची यादी टाकली. एक्स७९ चा चायनीज मदरबोर्ड, झिऑन ई५-२६५० व्ही२ प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर३ रॅम, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, चार आरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पंख्यांचा काचेचा कॅबिनेट आणि त्यासोबत ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, फुकट. खाली वाक्य: "आठ कोअर, सोळा थ्रेड, दुकानात एवढ्यात चारच कोअर देतात, डोळे झाकून घ्या." त्यावर बारावीतल्या एका मुलाने विचारलंय, पप्पांना हीच यादी दाखवू का? त्याला कोणीच नको म्हणालं नाही, म्हणून लिहायला बसलो.

नको दाखवू. हा प्रोसेसर २०१३ चा, सर्व्हरसाठी केलेला. कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) आठ आहेत, पण एकेका कोअरचा वेग त्या काळचा, आणि खेळाला नेमका तोच वेग लागतो. इंटेलचा आय३-१२१००एफ चार कोअरचा असून खेळात याला सहज मागे टाकतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. म्हणजे हौसेने जोडायचा आणि मित्र जे खेळतात तेच चालवायला झगडत बसायचं.

आता आरएक्स ५८०. या नावाने मिळणाऱ्या कितीतरी कार्डांवर बारीक अक्षरात २०४८एसपी लिहिलेलं असतं. खऱ्या ५८० ला २३०४ शेडर (चित्र तयार करणारे छोटे भाग) असतात. २०४८ म्हणजे ५७०, फक्त खोक्यावरचं नाव वेगळं. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून शेडरचा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझा खरा राग मात्र त्या फुकटच्या एसएमपीएसवर आहे. स्टिकरवर ठळक ४५० वॉट. खाली बारीक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टचा रकाना वाचा. परवा असाच एक डबा हातात आला, तिथे १६ ॲम्पिअर लिहिलेलं. १२ गुणिले १६, झाले १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच १२ व्होल्टवर चालतात. ५८० एकटं १८५ वॉटचं, झिऑन ९५ चा. कुठून देणार तो डबा? कार्डाला वीज देणारी आठ पिनची वायर तर त्याला नव्हतीच, मोलेक्स या जुन्या चार पिनच्या प्लगवरून कन्व्हर्टर लावून कार्ड जोडलेलं. खेळ सुरू झाला की पीसी बंद पडतो, लोक विंडोज परत टाकतात, रॅम पुसून बसवतात. आणि एक दिवस डबा जाताना बोर्डालाही सोबत घेऊन जातो.

माझी यादी: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, आरएक्स ६६०० कार्ड, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस आणि जाळीवाला साधा कॅबिनेट. ६६०० चं कार्ड १३२ वॉटचं, ५६०० भरात ७६ च्या आसपास. एसएमपीएसवर ताणच येत नाही.

दुकानातला

दादा, तुमची यादी छान आहे, फक्त ती ४५ हजारांत बिलासकट बसवून दाखवा. १८ टक्के जीएसटी धरा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते माहीत आहे ना? एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली, क्रुशलसारखा ब्रँड घरगुती बाजारातून बाहेर पडतोय असं डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या मालक कंपनीने, मायक्रॉनने, जाहीर केलं, आणि शिव्या आम्ही खातोय. सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी टिकत नाही.

आम्ही लुटतो म्हणणं सोपं आहे. गिऱ्हाईक येतं, हातात ३० हजार असतात आणि सोबतच्या पोराला लाइटवाला कॅबिनेट हवा असतो. चांगला एसएमपीएस सुचवला की वडील म्हणतात, "डब्यात काय बघायचंय, करंट येतो ना?" मग पीसी बिघडला की फोन मलाच, रविवारीसुद्धा. फुकटचा एसएमपीएस मी हौसेने देत नाही.

एएम५ च घ्या

दोघंही मेलेल्या प्लॅटफॉर्मवर भांडताय. ५६०० बसतो त्या एएम४ सॉकेटचे पहिले रायझन २०१७ चे, आता त्यात पुढे जायला जागाच उरलेली नाही. त्यापुढच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. आज थोडं ओढाताण करून घ्या, तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदला. ५६०० घेणारा तीन वर्षांनी बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच बदलणार.

सोल्डरगन

एएम५ ला डीडीआर५ या नव्या रॅमशिवाय दुसरी सोयच नाही. त्या रॅमच्या भावात आमचं अर्धं कार्ड येतं. बजेटवाल्याने तीन वर्षांनंतरच्या प्रोसेसरसाठी आजचं कार्ड कापायचं? कार्ड कापलं की खेळच गेला. ज्याच्याकडे ८० हजार आहेत त्याने जरूर एएम५ घ्यावं, त्याला कोण अडवतंय. हा धागा त्याच्यासाठी नाही.

दुकानातले भाऊ, राग मान्य. नव्या भागांची माझी यादी ४५ च्या वर जाते, हेही मान्य. मग कापायचं कुठे ते बोलू: प्रोसेसर १२१००एफ, बोर्ड एच६१०, कार्ड वापरलेलं. एसएमपीएस कापायचा नाही.

खान्देशी गेमर

भाऊ, वापरलेल्या कार्डाला इतके दिवस इथे सगळे नाकं मुरडत होते, आता आले ना लाइनीवर. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं ग्राफिक्स कार्डांवरचं माइनिंग बंद झालं आणि बाजारात कार्डांचा पूर आला. माझं कार्ड माइनिंगमधलंच आहे. पंखे बदलले, थर्मल पॅड बदलले, अजून खणखणीत चालतंय. माइनिंगवाले कार्डाची वीज कमी ठेवून चालवायचे. उलट गेमरच्या कार्डाला रोज गरम-गार, गरम-गार. मला विचाराल तर धूळ खाल्लेलं गेमरचं कार्ड मी आधी नाकारीन.

घेताना एकच करा: समोर पीसीला लावून पंधरा मिनिटं फरमार्क ही कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी चालवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याला रामराम. आणि स्वस्त दिसलं म्हणून ६५०० एक्सटी घेऊ नका. चार जीबी मेमरी, बोर्डाशी बोलायला चारच लेन (डेटाच्या वाटा), जुन्या पीसीआयई ३.० च्या बोर्डावर त्याचा जीव जातो. ६६०० ला आठ लेन आहेत, ते ३.० वरही फारसं अडत नाही.

दुकानातला

पंधरा मिनिटं फरमार्क माझ्या काउंटरवर? गर्दीच्या वेळी? तुमच्या गावाला दुकान टाका, मग सांगा.

खान्देशी गेमर

पैसे मोजताना गर्दी नसते, तपासताना होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कार्ड घ्यायला रात्रभर रेल्वेने येतो आम्ही. परत बदलून मागायला कोण येणार? दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं तुम्ही देणार का?

ठाण्याची ताई

मध्येच विचारते. मुलीसाठी पीसी जोडून घेतला, ग्राफिक्स आतच असलेला ५६००जी प्रोसेसर घेतला, कार्ड पुढच्या वर्षी टाकू म्हणून. तो चालतो छान. पण अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर तोही पेटतो. ज्याने जोडून दिला तो म्हणतो चप्पल घाला, सगळ्यांकडे असंच असतं. हा एसएमपीएसचा दोष आहे का?

दुकानातला

ताई, एवढंसं येतंच. रबरी मॅट टाका.

वायरमन काका

काय बोलताय तुम्ही! लहान मुलगी बसते तिथे.

ताई, एसएमपीएस बहुतेक ठीक आहे. तुमच्या त्या प्लगला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यातून झिरपणारा करंट अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवा. तार नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आत खरोखर एखादी फेजची तार पत्र्याला टेकली तर एमसीबी पडायला वाटच नाही. तेव्हा मुंग्यांवर भागणार नाही.

मल्टिमीटरने बघून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तितकंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ नीट येत नसेल तर अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत तीन पिनचा सॉकेट असतो आणि मागे दोनच तारा, हे मी शेकड्याने पाहिलंय.

खान्देशी गेमर

काका, आमच्याकडे वायरमनने सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा मारून दिला. मुंग्या गेल्या, टेस्टर पेटत नाही. काम झालं की.

वायरमन काका

भाऊ, आजच काढून टाका तो तुकडा. बाहेर कुठे न्यूट्रल सुटला, किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे केले, तर पूर्ण २३० व्होल्ट तुमच्या कॅबिनेटवर, फ्रिजवर, गिझरवर. तुमच्या वायरमनने तुमचे सगळे पत्रे फेजच्या वाटेवर आणून ठेवलेत. कोळसा-मीठ टाकून खड्डा करा, नाहीतर तयार इलेक्ट्रोड मिळतो. पण खरी अर्थिंग करा, आणि वर करंट झिरपला की लाइट तोडणारा ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. त्याचा खर्च तुमच्या आरजीबी पंख्यांपेक्षा फार नसेल.

एएम५ च घ्या

धागा गेमिंग पीसीचा आहे. वीज मंडळाचा वर्ग कधी संपणार?

वायरमन काका

तुमचा एएम५ हवेवर चालतो का? माझ्या ओळखीच्या घरात असा पीसी आणि टीव्ही एचडीएमआयने जोडताना ठिणगी उडाली आणि कार्डाचा पोर्ट गेला. टीव्ही केबलच्या तारेतून जमिनीला टेकलेला आणि पीसी अधांतरी. २० हजारांचं कार्ड गेलं. बोला, हा विषय बाहेरचा आहे?

एएम५ च घ्या

ठीक आहे, हे मला माहीत नव्हतं. प्लॅटफॉर्मबद्दल माझं मत तेच आहे. रॅमचे भाव उतरले की एएम४ चं नाव कोणी घेणार नाही.

सोल्डरगन

भाव उतरेपर्यंत त्या मुलाची बारावी संपून इंजिनिअरिंग सुरू होईल.

काकांच्या बोलण्यात यूपीएसची भर घालतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, ६०० नाही. घरातल्या स्वस्त यूपीएसच्या विजेची लाट खरी साइन, म्हणजे घरच्या लाइटसारखी गुळगुळीत, नसते, काही ॲक्टिव्ह पीएफसीवाले (वीज नीट खेचणारं सर्किट असलेले) एसएमपीएस तिच्यावर कुरकुरतात आणि लाइट गेली की पीसी तरीही बंद होतो. इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडला ठेवा. ताई, तुमच्या ५६००जीला मात्र रॅमच्या दोन पट्ट्या आहेत ना ते बघा. ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतात, एकाच पट्टीवर खेळाचा वेग फार पडतो.

ठाण्याची ताई

एकच आहे, १६ ची. "दोनची काय गरज" म्हणाला जोडणारा. आणि सॉकेट उघडून घेतला, मागे खरंच दोनच तारा आहेत. ज्याने पैसे घेतले त्याने एकदा प्लग तपासायचा नाही का? मुलीला सांगितलंय, अर्थिंग होईपर्यंत पीसी लावायचा नाही. चिडली आहे माझ्यावर.

दुकानातला

ताई, रबरी मॅटचं मी बोललो ते चुकीचं होतं, काकांचं बरोबर. पण पीसी जोडणाऱ्याने घराचं वायरिंगही तपासायचं असेल तर त्याचे पैसे द्यायची तयारी ठेवा. पाचशे रुपये जोडणावळ सांगितली तरी लोक दोनशेवर आणतात.

आणि सोल्डरगन, १२ व्होल्टच्या रकान्याचं मान्य. माझ्याकडे पडलेल्या डब्यांवर बघितलं, एकावर १४ ॲम्पिअर लिहिलंय. ते मी कार्डवाल्या पीसीला लावणार नाही, ऑफिसच्या पीसीला देईन. पण तुमच्या नव्या यादीत एच६१० आहे. त्या बोर्डांवर रॅमला बहुतेक दोनच खाचा असतात. पोराने आज आठची एक घेतली आणि उद्या दुसरी टाकली तर चालेल का, तेही सांगा. कारण पप्पा दोन घेऊ देणार नाहीत.

सोल्डरगन

चालेल. त्याच वेगाची, शक्य तर त्याच मॉडेलची घ्यायची. सुरुवातीला एका आठवर काही खेळ अडखळतील, पण ती नंतर वाढवता येते. कार्डही वाढवता येतं. म्हणून बारावीच्या मित्रा, पैसे कमी पडले तर रॅम एकच घे, कॅबिनेट सर्वात साधा घे, कार्डासाठी दोन महिने थांब. पण कार्डाशिवाय थांबायचं असेल तर १२१००एफ ऐवजी नावामागे एफ नसलेला १२१०० घे, एफवाल्याला स्क्रीनच येणार नाही. एसएमपीएस पहिल्याच दिवशी चांगला घे, आणि प्लग काकांनी सांगितल्याप्रमाणे तपासून घे.