लॅपटॉपचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, निदान सोलापुरात तरी

जुळे सोलापूरकर (धागा सुरू करणारी)
मे महिन्यात माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर आला. वाटलं, एखादा स्क्रू ढिला झाला असेल. नव्या पेठेत दाखवला, मागचं झाकण काढलं, तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली! तीन वर्षं घरून काम करतेय. सकाळी नऊला चार्जर लावायचा, तो रात्री झोपतानाच काढायचा. म्हणजे बॅटरी कायम १०० टक्के, आणि वर आपला ४२-४३ अंशांचा उन्हाळा.

बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टवर असतो. एवढ्या व्होल्टेजवर आतलं इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं रसायन) हळूहळू बिघडतं, आत वायू साठतो, आणि उष्णतेनं हे सगळं आणखी भराभर होतं. बहुतेक नव्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा लावायची सोय असते. नवीन बॅटरी बसवली त्याच दिवशी मी ती ८० वर लावली. रोज टेबलावर, चार्जर लावून काम करणाऱ्या प्रत्येकानं लावावी, असं माझं ठाम मत आहे.

अशोक चौक, जॅकार्ड डिझाइन
ताई, नाही पटलं. मी टॉवेल-चादरीची डिझाइनं करतो, लूमच्या शेडशेजारीच बसतो. लाइट कधी जाईल सांगता येत नाही. गेली की उरलेलं डिझाइन बॅटरीवर पूर्ण करून पेनड्राइव्ह कारागिराच्या हातात द्यायचा असतो. मला बॅटरी पाच तास पुरते. ८० ची मर्यादा लावली की चारच. तीन वर्षांनी २० टक्के घटेल म्हणून पहिल्याच दिवशी २० टक्के सोडून द्यायची? हा कुठला हिशोब ओ? बॅटरी झिजणारच, झिजली की बदलायची.

जुळे सोलापूरकर
दादा, मर्यादा म्हणजे काही कुलूप नाही. लाइट जाणार हे आधी कळलं तर आदल्या रात्री काढा. पहाटे पुण्याची गाडी पकडायची असेल तेव्हा मीही १०० करूनच निघते. कधीमधी शंभरला पोचल्यानं फारसं नुकसान होत नाही, महिनोन् महिने तिथेच पडून राहिल्यानं होतं. शिवाय मर्यादेला पोचल्यावर चार्जर लावलेला असला की मशीन अडॅप्टरवर चालतं, बॅटरी निवांत असते. तुम्ही सोडलेले २० टक्के एका क्लिकवर परत येतात. झिजलेले येत नाहीत.

निवृत्त, विजापूर रोड
आम्हाला तर सांगितलं होतं की नवीन बॅटरी आधी आठ तास चार्ज करा आणि नंतर दर वेळी पूर्ण संपवूनच लावा. ते खोटं होतं का?

जुळे सोलापूरकर
काका, तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियमला उलट शून्यावर नेणं बाधतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा शंभरापासून खालपर्यंत उतरवली तर टक्क्यांचा आकडा बरोबर दिसायला लागतो, एवढाच फायदा.

दुरुस्ती काउंटर
उन्हाळ्यात माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्या येतात, त्यांतले बरेच लॅपटॉप दिवाणावर चादर टाकून त्यावर चालवलेले असतात. आपली सोलापुरी चादर जाड, हवेची जाळी पार बंद! आत पंखा धुळीनं भरलेला. अशा मशीनला ८० ची मर्यादा लावूनही पुरत नाही. आधी जाळी साफ करा, खाली लाकडी पाट ठेवा. मर्यादा लावाच, पण तेवढ्यावर भागेल असं धरू नका. आणि हात जोडून सांगतो, फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा आणि थेट आणून द्या.

अशोक चौक, जॅकार्ड डिझाइन
हे मात्र पटलं. म्हणजे खरा शत्रू ऊन आहे. मग मर्यादेचं एवढं कौतुक कशाला?

जुळे सोलापूरकर
कारण ऊन आपल्या हातात नाही, मर्यादा आहे. ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता साधारण ६५ टक्के उरते. त्याच उन्हात ४० टक्के भरून ठेवलेलीची ८५ च्या आसपास. ऊन तेच, फरक फक्त किती भरून ठेवली याचा. दादा, तुमचं विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही आकडे येतात.

अशोक चौक, जॅकार्ड डिझाइन
काढला. मूळ ५०,००० मिलीवॅट-तास, आज ३६,४००. दोनच वर्षांत. म्हणजे पाच तास कधीच गेले ओ, मी जुन्याच सवयीनं पाच म्हणत होतो.

मर्यादा लगेच लावणार नाही, या महिन्यात ऑर्डरचं काम आहे आणि लाइटचा भरवसा नाही. पण लॅपटॉप आजच शेडशेजारच्या उकाड्यातून उचलून वरच्या खोलीत नेला. रविवारी शेड बंद असते, त्या दिवशी ८० लावून ठेवतो. दिवाळीत पुन्हा रिपोर्ट काढून आकडा इथेच टाकतो.