चर्चा : निजामाचं राज्य खरंच इंग्लंडपेक्षा मोठं होतं का?

गोदाकाठ (नांदेड)
१७ सप्टेंबर जवळ आला की भाषणांत हे वाक्य हमखास येतं. परवा पुतणीच्या भाषणात दिसलं आणि मी ते खोडायला लावलं. १९४८ ला भारतात विलीनीकरण झालं तेव्हा निजामाचं हैदराबाद संस्थान ८२,६९८ चौरस मैलांचं होतं, म्हणजे सुमारे २ लाख १४ हजार चौ. किमी. नुसतं इंग्लंड १ लाख ३० हजारांच्या आसपास, त्याच्यापुढे संस्थान मोठंच. पण आपण बोलताना इंग्लंड म्हणतो ते अख्ख्या ब्रिटनला. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड धरून ते होतं २ लाख ४४ हजार. मग संस्थान लहान ठरतं. लेकरांच्या तोंडी चुकीचा आकडा कशाला द्यायचा?

बालाघाट (बीड)
सर, वऱ्हाड कुठं गेलं? निजामासाठी ठेवलेल्या इंग्रजी फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ ला ते ईस्ट इंडिया कंपनीनं ताब्यात घेतलं. १९०२ ला वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांच्या नावे कायमचा पट्टा (भाडेकरार) झाला, पण मालकी कागदोपत्री निजामाचीच राहिली. युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाड) हा किताब उगाच मिळाला का? रान बटईनं दिलं म्हणून सातबारा बदलत नाही. वऱ्हाडाचे ४६ हजार मिळवा, २ लाख ६० हजार होतात. पोरीचं वाक्य बरोबर होतं.

गोदाकाठ
बटईचं रान वर्षाअखेर परत मागता येतं, दादा. वऱ्हाड मागायची सोयच उरली नव्हती. अमरावतीचा कलेक्टर इंग्रजांचा, कोर्ट इंग्रजांचं, सारावसुली त्यांचीच. जिथं हुकूम चालत नाही ती जमीन राज्यात कशी मोजायची?
आणि वऱ्हाड धरायचंच तर साल सांगा. १८५३ च्या आधी वऱ्हाड पुरतं निजामाकडं होतं, पण तेव्हा सगळं आयर्लंडही ब्रिटनमध्ये होतं. त्यांची बेरीज ३ लाख १४ हजारांवर जाते. १९२२ ला दक्षिणेकडचं आयर्लंड वेगळं झालं आणि ब्रिटनचे ७० हजार कमी झाले. आपला अख्खा मराठवाडा ६४ हजारांचा, त्याहून मोठा तुकडा गेला. त्यामुळं १९४८ ला वऱ्हाड धरलं तर संस्थान मोठं, सोडलं तर लहान. १८५३ च्या आधी मात्र वऱ्हाड धरूनही लहानच.

बालाघाट
साल लिहायला पाहिजे, हे मान्य. पण वऱ्हाड मी सोडणार नाही. किताब खुद्द इंग्रजांनी मान्य केला होता.

लेक परभणीची
दोघांनाही विचारते, या मापानं लोकांना काय कळतं? राज्य केवढं, यापेक्षा जमीन कुणाची, हे मुलांना सांगा. सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खाजगी मिळकत. त्याशिवाय पायगा, म्हणजे फौज ठेवायला सरदार घराण्यांना दिलेला मुलूख, आणि जागिरी. माझी आजी जागिरीतल्या गावची. खालशातल्या, म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातल्या गावात सरकारी धारा ठरलेला असायचा, आमच्याकडं जागीरदाराचा माणूस म्हणेल तो आकडा, असं ती सांगायची. तिला ब्रिटनचं माप सांगून काय उपयोग होता? तुमच्या तुलनेत निजामच थोर दिसतो.

गोदाकाठ
ताई, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. खालसा आणि जागीर वेगळे दाखवणारा नकाशा भाषणासोबत लावायला हवा. पण मोठेपणा सांगितल्यानं निजाम थोर होतो, हे पटत नाही. एवढ्या मुलखात निजामाविरुद्ध गावोगाव लढलेल्यांचं काम किती अवघड होतं, ते त्यातूनच कळतं.

नळदुर्गवाला
आमचं राहिलंच की. १८५३ ला वऱ्हाडासोबत रायचूर दुआब (कृष्णा-तुंगभद्रेमधला मुलूख) आणि आमचा धाराशिव-नळदुर्गाचा मुलूखही कंपनीकडं गेला होता. १८६० ला तो परत निजामाकडं आला. ती सात वर्षं आमची गावं कुठल्या राज्यात मोजणार?

गोदाकाठ
कंपनीच्या. तिथं निजामाचा हुकूम नव्हता, म्हणून वऱ्हाडाला लावलेला नियमच इथं लावतो. बालाघाट दादांच्या हिशोबानं मात्र ती निजामाचीच राहतात. पुतणीला आता साल घालून दोन्ही बेरजा लिहून देतो, वऱ्हाड धरून आणि सोडून.